बाविसावी पट्टी

१

तुम्ही आपल्या मनगटाची आतली बाजू कधी खिडकीच्या उजेडात धरून नीट बघितली आहे का? किती वाजले ते बघायला नव्हे, रंग बघायला? बघा एकदा. आपण समजतो त्यापेक्षा तो वेगळाच निघतो. थोडा तांबूस, थोडा हिरवट, शिरेजवळ निळसर, आणि या सगळ्याच्या खाली पणजीकडून आलेला एखादा जुना रंग मुकाट बसलेला.

ही गोष्ट जिची आहे, तिनं तीस वर्षं हेच बघितलं. एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून ती काळ्या-पांढऱ्या फोटोंना हातानं रंग भरायची. गावाला ती रंगमावशी आणि नातीला आजी. आपणही तिला आजीच म्हणू या.

मग रंगीत फोटो आले, नंतर फोनमधले आले, आणि आजीचे कुंचले वाळून गेले. ती स्टुडिओत पाकिटं भरत, चौकटी पुसत राहिली. आणि एक दिवस शाळेच्या मोठ्या बाई स्वतः दुकानात आल्या.

शाळेला शंभर वर्षं होत होती. त्या शाळेत नाना रंगांची मुलं. कुणाचे आजोबा समुद्रापलीकडून आलेले, कुणाची पणजी डोंगरापलीकडची, कुणी इथलेच. बाईंच्या मनात आलं की एकवीस मुलं निवडावीत, प्रत्येकानं घरच्या पेटीतला सगळ्यात जुना कपडा घालावा, आणि शाळेच्या पहिल्या फोटोंसारखी त्यांची हातानं रंगवलेली चित्रं लांब बोळात ओळीनं लावावीत.

"एकच अट आहे," बाई म्हणाल्या. "जसा रंग तसाच. कुणाला उजळ करायचं नाही."

आजीनं मान हलवली. पण तिचे कान तापले, कारण तीस वर्षं तिनं दुसरं काय केलं होतं?

२

काम सुरू झालं. मागच्या खोलीला उत्तरेकडे एकच मोठी खिडकी. तिच्याखाली टेबल, टेबलावर चिनी मातीच्या छोट्या वाट्या आणि पलीकडे मुलांनी बसायचं एक स्टूल. स्टुलाचा एक पाय बोटभर आखूड होता. मूल जरा हललं की ते वाजायचं. टक. पुन्हा हललं की टक.

आजीची रंग जुळवायची रीत तिची स्वतःची. मुलाचा हात टेबलावर उताणा ठेवायचा, वाटीत रंग कालवायचा आणि मनगटावर त्याचा एक ठिपका लावायचा. ठिपका दिसला तर रंग चुकला. ठिपका दिसेनासा झाला, कातडीत विरघळल्यासारखा नाहीसा झाला, की रंग जुळला. मग तोच रंग कागदाच्या पट्टीवर ओढायचा, पट्टीवर मुलाचा नंबर घालायचा आणि खिडकीसमोरच्या दोरीला चिमट्यानं टांगायची.

मुलांना ही जादू फार आवडली. "गेला! गेला!" म्हणून ती ओरडायची.

पहिला मुलगा आला तो पणजोबांचा मोठ्या बटणांचा कोट घालून. कोटात तो एवढा हरवला होता की नुसतं नाक दिसत होतं. त्याचा रंग भाजलेल्या विटेचा. दुसरी मुलगी आली मण्यांची टोपी घालून, रंग दुधात चिमूटभर हळद टाकल्यासारखा, आणि नाकावर ठिपकेच ठिपके. एक आली ती ओल्या काळ्या मातीच्या रंगाची, कपाळाला विणलेला पट्टा. तिच्यासाठी आजीनं वाटीत काळा नाहीच घातला. निळा, तांबडा आणि थोडा पिवळा घातला, आणि ठिपका गेला तेव्हा त्या पोरीनं विचारलं, "म्हणजे माझ्यात एवढे सगळे रंग आहेत?"

"एवढे सगळे," आजी म्हणाली.

शेवटची, एकविसावी, होती आजीची स्वतःची नात. सहा वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती झोपेतसुद्धा फिरायची. रात्री डोकं उशीवर ठेवून निजलेली पोर सकाळी पायथ्याशी सापडायची. ती स्टुलावर बसली आणि स्टूल सुरू झालं. टक, टक, टक-टक.

"अगं, दोन मिनिटं बूड टेकव की!"

"टेकवलंय आजी. तेच हलतंय."

भिंगरीच्या खांद्यावर पणजीची निळी शाल होती, काठाला शिंपले लावलेली. आणि पणजीचा रंगही तिच्यावर तसाच उतरला होता: गडद, तुकतुकीत, उन्हात तांब्यासारखा चमकणारा. आजीनं तीन वाट्या कालवल्या तेव्हा कुठे तो जुळला. पट्टीवर तिनं एकवीस लिहिलं, दोरीला टांगली, आणि दोघी घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवर बावीस पट्ट्या होत्या.

३

आजीनं दोनदा मोजल्या. एकवीस नंबरच्या पुढे आणखी एक पट्टी, चिमट्याला नीट लावलेली. नंबर नव्हता. तिनं बोट लावलं तर रंग बोटाला लागला. बाकी सगळ्या कडकडीत वाळलेल्या, ही ओली.

"मालक," तिनं पुढच्या खोलीत हाक मारली, "काल मी गेल्यावर माझ्या वाट्यांना हात लावलात का?"

धाकटे मालक कॅमेऱ्याची काच पुसत होते. थोरल्या मालकांचे चिरंजीव; पन्नाशीला आले तरी गावाला धाकटेच. "मावशी, मला रंगातलं काय कळतं? बायको म्हणते, माझे दोन मोजेसुद्धा एका रंगाचे नसतात."

"एक पट्टी जास्त आहे."

"मग एक कमी करा. हाय काय नि नाय काय."

आजी हसली. आपणच ओढली असेल, वय झालं, विसरलो, असं तिनं मनाशी ठरवलं. पट्टी फाडली आणि टोपलीत टाकली. पण ती ओली कशी राहिली, हा प्रश्न दिवसभर दातात अडकलेल्या धाग्यासारखा जिभेला लागत राहिला.

तिसऱ्या सकाळी पट्टी पुन्हा होती. या खेपेला आजीनं ती फाडली नाही, खिडकीशी नेली. फार छान रंग होता. गव्हाळ, गुलाबीकडे झुकणारा, गुळगुळीत. दोरीवरच्या एकाही मुलाचा नव्हता. आणि तरीही तो तिच्या इतक्या ओळखीचा होता की तिनं पट्टी चटकन टेबलावर उलटी ठेवली.

थोरल्या मालकांच्या वेळी या टेबलावर एक मोठी बाटली असायची. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. थोरले म्हणायचे, "हा सगळ्यांचा रंग. चारचौघांत शोभणारा." मूल कुठलंही येवो, कुठल्याही घरचं, पहिला हात त्या बाटलीतला. मग गालावर थोडी लाली, ओठांवर थोडी, झालं काम. आया खूश व्हायच्या. कुणी म्हणायचं नाही की हे माझं मूल नव्हे.

थोरले गेले त्याच वर्षी ती बाटली आजीनं स्वतःच्या हातानं मोरीत रिकामी केली होती. रंग किती वेळ वाहत होता ते तिला अजून आठवत होतं. बाटली होती वीतभर, आणि मोरी मात्र बराच वेळ गुलाबी राहिली होती.

४

घरी आजीची लेक आरशासमोर पावडर लावत होती. लेक दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीत बसायची. कामावर जाताना पावडर, कामावरून आल्यावर तोंड धुऊन पुन्हा पावडर. नवरा जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. आईशिवाय आणि पोरीशिवाय तिचा बिनपावडरचा चेहरा कुणी बघितलेला नव्हता.

आरशाच्या वर चौकटीत तिचाच सहा वर्षांची असतानाचा फोटो होता. दोन वेण्या, फुग्याच्या बाह्यांचा झगा, मांडीवर हात. आणि तोंडावर, हातांवर, पायांवर तोच सगळ्यांचा रंग. तो फोटो आजीनंच रंगवला होता, लेकीला आनंद होईल म्हणून जरा जास्तच मायेनं. चौकट घरी आणली तेव्हा सहा वर्षांची लेक कितीतरी वेळ तिच्यासमोर उभी राहिली होती. मग तिनं विचारलं होतं, "आई, मी अशी कधी होणार?"

आजीनं तेव्हा खिळा ठोकून चौकट टांगली होती.

"आई," लेक आरशातूनच म्हणाली, "भिंगरीचं चित्र झालं का?"

"आज पहिला हात देणार आहे."

"थोडं..." लेकीनं पावडरीचा फुगा खाली ठेवला. "दोनच छटा गं. फार नाही. उद्या सासूबाई आणि मामंजी येणार आहेत शाळेत. मागच्या खेपेला सासूबाई पाहुण्यांसमोर काय म्हणाल्या ठाऊक आहे ना? 'आमच्या घराण्यात हा रंग नव्हता बाई, कुठून आला कोण जाणे.' पोर शेजारीच उभी होती. तिला कळत नाही असं वाटतं का तुला?"

"बाईंनी सांगितलंय, जसा रंग तसाच."

"बाईंना कुठे नांदायचंय तिथं?"

आजीनं आरशावरच्या चौकटीकडे बघितलं.

"माझा केलास की," लेक हळूच म्हणाली. "तेव्हा नाही कुणी अडवलं तुला."

ती रागानं म्हणाली असती तर आजीनं ऐकून घेतलं असतं आणि विसरून गेली असती. पण ती रागानं म्हणाली नाही. तिच्या आवाजात आर्जव होतं, जसं त्या वेळी त्या प्रश्नात होतं. आजीला काही कळेना. एकीच्या चेहऱ्याचं आपण काय केलं ते समोर बसलेलं होतं. आता दुसरीचं तसंच करायचं, की केलं नाही म्हणून तिला चारचौघांत टोमणे खाऊ द्यायचे?

५

दुपारी शाळा सुटली की भिंगरी स्टुडिओत यायची. आजी रंगवत बसायची आणि ही स्टुलावर गिरक्या घेत शाळेतल्या गोष्टी सांगायची.

त्या दुपारी ती आली आणि दारातच थांबली.

"आज ती बसलीये वाटतं."

"कोण गं?"

"ती मुलगी. स्टुलावर."

आजीनं मान वर केली. स्टूल रिकामं होतं. खिडकीतून पडलेला उजेड त्याच्यावर दुलईसारखा पसरला होता.

"कुठली मुलगी, बाळा?"

"तीच. काल पण होती." भिंगरी टेबलाला वळसा घालून आजीच्या कुशीत शिरली. "ती हलतच नाही. म्हणून स्टूल वाजत नाही. मी तिला म्हटलं, तुझा नंबर किती? तर तिला नंबरच नाही."

"कशी दिसते?"

भिंगरीनं विचार केला. "छान दिसते. आरशावरच्या आईसारखी. पण आई नाही ती. नाक वेगळं आहे. मध्येच डोळे पण वेगळे होतात." मग कानाशी येऊन म्हणाली, "आजी, ती सारखं एकच विचारते. मी कुणाची?"

मुलांना असं काहीबाही दिसतं, आजीनं स्वतःला समजावलं. चौकटीतला फोटो रोज बघते पोर, त्यातून केलं असेल मनानं. तिनं भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला. पण रंगवायला घेतलेल्या चित्राकडे बघताना तिला मोजदाद सुचायला लागली. वर्षाला दोनशे मुलं धरली तरी तीस वर्षांत किती चेहरे? त्या सगळ्यांवर एकच रंग. तो रंग कुठल्याही मुलाचा नव्हता. मग इतक्या प्रेमानं, इतक्या वेळा तिनं जे मूल रंगवलं, ते होतं कुणाचं?

"तू काय सांगितलंस तिला?"

"मी म्हटलं, आजीला विचार."

६

भिंगरी पुढच्या खोलीत मालकांचा कॅमेरा बघायला पळाली. आजीनं तिचा फोटो पुढ्यात ओढला. पणजीची शाल, शिंपल्यांचे काठ, आणि शालीतून बाहेर आलेला तो हसू दाबलेला चेहरा, अजून काळा-पांढरा.

एकवीस नंबरची वाटी तयार होती. आजीनं कुंचला तिच्यात बुडवला. मग बाहेर काढला, धुतला आणि दुसरी वाटी घेतली. तिच्यात पांढरा टाकला, जरा गुलाबी, जरा पिवळा. दोनच छटा, तिनं मनाशी म्हटलं. पण हाताला जुनं वळण होतं. मन दोन छटा म्हणत होतं आणि हात सरळ तिथं गेला जिथं तो तीस वर्षं जात होता. वाटीत बघता बघता सगळ्यांचा रंग तयार झाला.

तिनं पहिला हात दिला. कपाळ, गाल, हनुवटी. रंग कागदावर असा पसरला, जसं तहानेलं कुणी पाणी पितं.

खोलीत छान ऊब होती. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचा आवाज लांबून, पाण्याखालून यावा तसा येत होता. आजीच्या पापण्या जड झाल्या. समोर स्टुलावर भिंगरी येऊन बसल्याचं तिला जाणवलं. शालीचा निळा काठ दिसला, आणि टेबलावर उताणा ठेवलेला छोटा हात.

"आलीस? थांब, ठिपका लावून बघते," आजी सवयीनं म्हणाली. मान वर न करता तिनं त्या मनगटावर कुंचला टेकवला. आता हा गोरा ठिपका पोरीच्या हातावर चुन्यासारखा उठून दिसेल, मग आपल्यालाच लाज वाटेल आणि आपण हे पुसून टाकू, असं तिच्या मनात होतं. बहुतेक त्यासाठीच तिनं तो लावला.

ठिपका दिसेनासा झाला.

आजी बघत राहिली. कातडी गुळगुळीत होती. तिच्यावर लव नव्हती, शीर नव्हती, ओरखडा नव्हता. भिंगरीच्या हातावर रोज नवा ओरखडा असायचा. आजीनं बोटानं स्पर्श केला तर ती गार आणि जराशी खरखरीत लागली, फोटोच्या कागदासारखी.

आणि मग तिच्या लक्षात आलं, स्टूल इतका वेळ वाजलंच नव्हतं.

"आजी!" पुढच्या खोलीतून भिंगरी ओरडली. "आजी, लवकर ये! मालकांनी मला कॅमेऱ्यातून उलटं दाखवलं!"

टेबलावरचा हात तिथंच होता. त्याची बोटं हळूहळू मिटली, लहान मूल झोपताना मिटतं तशी, आणि त्यांनी आजीच्या कुंचल्याचं टोक धरलं.

आजीनं वर बघितलं नाही. एवढं एक शहाणपण तिला सुचलं. ती टेबलावरच्या वाटीकडे बघत उठली, भिंतीला पाठ घासत दारापर्यंत गेली आणि पडदा बाजूला सारून बाहेर पडली.

७

भिंगरी कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात गुंडाळून उभी होती आणि तिचे पाय नाचत होते. आजीनं तिला कापडासकट उचलून घेतलं. मुके घेतले, हात बघितले, कोपरावरची खपली बघितली.

"मालक, मला भिंगरीच्या फोटोची नवी प्रत हवी. आत्ता."

"आत्ता? मावशी, शेवटचा कागद तुम्हाला दिला. नवा परवा येणार. आणि उद्या सकाळी नऊला चित्रं लागायची आहेत." मालकांनी तिच्याकडे नीट बघितलं. "तुमचा चेहरा का उतरलाय? भूत बघितलं की काय?"

"पहिला हात चुकला."

"मग दुसरा द्या वरून! त्याला काय सोनाराची फुंकर लागते?"

आता ही गोष्ट आजीएवढी कुणाला ठाऊक? कागदात मुरलेला पहिला हात निघत नाही. वरून कितीही गडद रंग द्या, तो खालून उजेडासारखा येत राहतो. असा कागद फाडायचा असतो. आजी पुढे जन्मभर म्हणायची, मी तो तेव्हाच फाडायला हवा होता. पण एकवीस चौकटींत एक रिकामी राहिली असती, ती नेमकी भिंगरीची, आणि सासूबाई त्यावरही काहीतरी बोलल्याच असत्या.

मागची खोली रिकामी होती. कुंचला टेबलाच्या पलीकडच्या कडेला, स्टुलापाशी पडला होता. आजीनं भिंगरीला समोर बसवलं.

"तू इथून हलायचं नाहीस. म्हणजे, हलत राहायचंस. पण इथंच."

"हलू की नको?"

"हल. खूप हल."

टक, टक, टक-टक. आजीनं एकवीस नंबरची वाटी घेतली आणि गोऱ्या रंगावर भिंगरीचा खरा रंग चढवायला लागली. एक हात, दुसरा, तिसरा. कागद ओला होत होता, वाळत होता. टकटक कानावर येत होती तोवर तिला भीती नव्हती. संध्याकाळ होत आली तसा चेहरा भिंगरीचा दिसू लागला. पणजीचा रंग, तांब्याची झाक. सुंदर. आजीनं आयुष्यात इतकं चांगलं काम केलं नव्हतं. तिनं शालीचा शेवटचा शिंपला रंगवला. दोरीकडे बघितलं, पट्ट्या मोजल्या. एकवीस. फक्त एकवीस. बाविसावा चिमटा रिकामा होता.

आजीनं सुटकेचा श्वास सोडला. राहिलेला रंग वाटीतच ठेवून तिनं तिला ओलं फडकं बांधलं, उद्या बोळात काही किरकोळ सुधारायला लागलं तर असावा म्हणून, आणि वाटी पिशवीत टाकली.

"चल बाई, घरी."

एक छोटा हात तिच्या हातात आला. मालकांनी दिवा घालवला, आणि बाहेर पडून खोलीला कुलूप लावलं. किल्ली फिरली तेव्हा आजीला आतून टक असं ऐकू आल्यासारखं वाटलं. जुनं लाकूड आहे, सुकताना वाजतं, तिनं मनाशी म्हटलं. रस्ताभर भिंगरी शहाण्यासारखी चालली. हात गार होता. नळावर धुतले असतील. जेवायच्या वेळी ती फार बोलली नाही. दमली असेल, सगळ्यांनाच वाटलं.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला जाग आली तेव्हा नात उशीवर डोकं ठेवून, जशी निजवली तशीच निजलेली होती.

न्हाऊन झाल्यावर लेकीनं तिला खुर्चीवर बसवलं आणि वेण्या घालायला घेतल्या. एरवी या कामात दोन कंगवे मोडायचे. आज पोर मांडीवर हात ठेवून बसली होती. खिडकीचा पडदा हलत होता, तेवढंच त्या खोलीत हलत होतं.

"बघ आई, किती शहाणी झाली एका रात्रीत," लेक म्हणाली. मग तिनं पोरीचा चेहरा दोन्ही हातांत घेऊन उजेडाकडे वळवला, आणि आजीनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता इतक्या आनंदी आवाजात म्हणाली, "आणि आज किती टवटवीत दिसतेय गं! जरा उजळल्यासारखीच वाटते."

आजीनं पिशवीतून वाटी काढली. फडकं सोडलं. तिचा हात स्थिर होता. तीस वर्षांचं वळण.

"ये, ठिपका लावू."

नातीनं हात पुढे केला. कोपरावर खपली नव्हती. आजीनं एकवीस नंबरचा रंग तिच्या मनगटावर टेकवला आणि वाट बघितली. खाली रस्त्यावरून एक सायकल गेली. लेकीनं दुसऱ्या वेणीची रिबीन बांधली. पोर आधी ठिपक्याकडे बघत राहिली, मग तिनं डोळे वर केले. डोळे फार सुंदर होते.

"आजी," ती गोड आवाजात म्हणाली, "मी कुणाची?"

तेवढ्यात फोन वाजला. लेकीनं घेतला आणि आजीच्या कानाला लावला.

"मावशी," धाकटे मालक म्हणाले, "तुम्ही मागच्या दारानं आत आलात का? नाही, कुलूप तसंच आहे, पण आत स्टूल वाजतंय. केव्हाचं. टक-टक-टक, थांबतच नाही. उंदीर म्हणावं तर..."

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आजी चप्पल न घालता घराबाहेर पडली आणि स्टुडिओच्या दिशेनं धावत सुटली. खुर्चीवरची मुलगी तिच्या मागे गेली नाही. तिच्या मनगटावरचा ठिपका तसाच दिसत होता.